अपडेटनंतर घड्याळ मंदावलं? आधी त्याला दोन रात्री चार्जरवर झोपू द्या

प्रश्न: मी इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो, वय ६७. मुलाने तीन वर्षांपूर्वी वेअर ओएसचं गोल घड्याळ घेऊन दिलं. गेल्या आठवड्यात त्याचा अपडेट घेतला आणि तेव्हापासून ते रडतखडत चालतंय. मनगट उचललं तर स्क्रीन उशिरा लागते, बोटाने सरकवलं की मध्येच अडकतं, नाडीचे ठोके बघायला गेलो तर चक्र फिरत राहतं. व्हॉट्सॲपचे निरोप पाच-पाच मिनिटांनी येतात. एका दुकानात दाखवलं, तर ‘बॅटरी गई है, सॉफ्टवेअर भी डलवाना पड़ेगा, अठरा सौ लगेंगे’ म्हणाले. करून घेऊ का? की आधीचं सॉफ्टवेअर परत टाकता येतं?

उत्तर:

काका, अठराशे रुपये खिशातच राहू द्या. निदान हा आठवडाभर तरी.

जेल रोडच्या बाजूला दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला बावीस वर्षं झाली. सुरुवात बटणांच्या फोनपासून केली, गेली सात-आठ वर्षं घड्याळंही येतात. एखादा मोठा अपडेट आला की पुढचे दहा दिवस काउंटरवर तुमच्यासारखीच तक्रार घेऊन माणसं उभी असतात. त्यातल्या निम्म्यांहून जास्त घड्याळांना मी स्क्रूड्रायव्हरही लावत नाही. त्यांना हवी असते ती झोप, आणि ती तुमच्या घरच्या चार्जरवर फुकट मिळते.

हे समजावून सांगतो, कारण नुसतं ‘चार्जरला लावून ठेवा’ म्हटलं की लोकांना वाटतं, हा टाळतोय.

वेअर ओएस म्हणजे मुळात अँड्रॉइडच. त्यावरची ॲप्स घड्याळाच्या प्रोसेसरला, म्हणजे त्याच्या मेंदूला, थेट कळतील अशा भाषेत आधीच उतरवून ठेवलेली असतात. रोज उठून तेच भाषांतर करायला लागू नये, म्हणून ही सोय. सिस्टीमचा मोठा अपडेट आला की पाया बदलतो आणि जुनी भाषांतरं बरीचशी रद्द होतात. मग ॲप उघडलं की घड्याळ त्याच क्षणी, तुमच्या डोळ्यांदेखत, ओळ वाचतं आणि ओळ उतरवतं. तुम्हाला दिसतं ते फिरणारं चक्र. सगळी ॲप्स पुन्हा नीट उतरवून ठेवण्याचं काम सिस्टीम स्वतःहून करते, पण दोन अटींवर: घड्याळ चार्जरवर हवं आणि कुणी ते वापरत नसावं. मनगटावर असताना ती हे काम हातात घेत नाही, कारण त्यात बॅटरी भराभर उतरते.

आता तुमची दिनचर्या आठवा. रात्री झोप मोजायची म्हणून घड्याळ हातात. सकाळी नेहरू पार्कला फेऱ्या मोजायच्या म्हणून हातात. आंघोळीला जाताना चार्जरला लावायचं, देवपूजा आटोपली की परत मनगटावर. पाऊणेक तास झाला का? त्यातही मध्ये चार वेळा ‘किती टक्के झालं’ म्हणून स्क्रीन पेटवायची. त्या बिचाऱ्याला काम करायला निवांतपणा मिळाला कधी? आठवडा उलटला तरी त्याचं भाषांतर अर्धवटच असणार.

गेल्या वर्षी राजेंद्र नगरच्या एक बाई अशाच आल्या होत्या. बँकेत अधिकारी, बोलणं मोजकं. त्यांचं घड्याळ मी हातात घेतलं, त्यातलं हवामानाचं ॲप उघडलं आणि मनात मोजलं: एकशे एक, एकशे दोन... एकशे सातला, म्हणजे सातव्या सेकंदाला, पान दिसलं. म्हटलं, आज राहू द्या, उद्या संध्याकाळी न्या. माझ्या वायफायला जोडलं, त्यांच्याच चार्जरवर पालथं ठेवलं आणि शटर ओढून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तेच ॲप एकशे दोनच्या आत उघडलं. बाई आल्या, दोनदा सरकवून पाहिलं, खूश झाल्या आणि विचारलं, ‘काय केलंत?’ आता ‘काही नाही केलं’ म्हणायला जीभ रेटेना. पण तेच सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

तर तुम्हीही एवढंच करा. दोन रात्री झोप मोजण्याचा मोह सोडा. नऊ-दहा वाजता घड्याळ चार्जरवर ठेवा, त्याचं वायफाय चालू आहे आणि घरच्या राउटरला जोडलंय एवढं बघा, फोन जवळ असू द्या आणि सकाळपर्यंत हात लावू नका. वायफाय यासाठी की घड्याळातल्या प्ले स्टोअरची ॲप्सही साधारण चार्जरवर असतानाच आपोआप नवी होतात. सिस्टीम नवी आणि ॲप्स जुनी राहिली की त्यांचं नव्या सुनेसारखं होतं, एकमेकांच्या सवयी माहीत नसतात. सकाळी उठल्यावर प्ले स्टोअर स्वतः उघडून एकदा बघा, काही अडकलेलं असेल तर ‘सगळे अपडेट करा’ दाबा. फोनमधलं घड्याळाचं ॲपही त्याच वेळी नवं करून घ्या. हे बऱ्याच जणांचं राहून जातं, आणि मग अर्ध्या तक्रारींचं खापर घड्याळावर फुटतं.

चार्जर कंपनीचाच असावा. बाजारात शंभर-दीडशेला मिळणाऱ्या चकत्यांवर घड्याळ नुसतंच तापतं. तापलं की चार्जिंग थांबतं, आणि रात्रभराचं कामही तिथेच राहतं. मे महिन्यात तर कूलर-एसी नसलेल्या खोलीत हे हमखास होतं. ॲपल आपल्या घड्याळांसाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंशांत असावं असं सांगते, आणि इंदूरचा उन्हाळा दुपारी चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून रात्र निवडा, आणि खिडकीतल्या उन्हात किंवा फ्रिजवर घड्याळ ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कळेल की काय उरलं. आणि जे उरेल त्यात तुम्ही एकाच दमात सांगितलेली तीन वेगवेगळी दुखणी असतील. लोक सगळ्यालाच ‘स्लो झालं’ म्हणतात, पण उपाय तिन्हींचे निराळे.

पहिलं, निरोप उशिरा येणं. यात घड्याळाचा दोष बहुतेक नसतोच, गडबड फोनमध्ये असते. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारी ॲप्स झोपवून टाकतात, आणि त्यात घड्याळाचं ॲपही जातं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवर जाऊन बॅटरीच्या ठिकाणी ‘निर्बंध नाहीत’ असा पर्याय निवडा. फोनवर बॅटरी बचतीचा मोड कायम चालू ठेवण्याची सवय असेल तर तीही थोडे दिवस मोडून बघा. फक्त एक करू नका: निरोप येईनात म्हणून वैतागून फोनच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळ ‘विसरा’ करू नका. साध्या इअरफोनचं तसं केलं तर चालतं, परत जोडता येतो. बऱ्याच घड्याळांना मात्र एकदा नातं तुटलं की पूर्ण रिसेट केल्याशिवाय, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरं केल्याशिवाय, परत जोडता येत नाही, आणि रिसेटला अजून आपण आलेलोच नाही.

जाता जाता: कुठल्या ॲपचे निरोप घड्याळावर यावेत ते फोनमधल्या ॲपमध्ये ठरवता येतं. कॉल, मेसेज, घरच्यांचं व्हॉट्सॲप एवढं पुरे. सोसायटीच्या ग्रुपवरची गुलाबाची फुलं आणि सुप्रभात मनगटावर आलीच पाहिजेत असं नाही. प्रत्येक निरोपाला घड्याळ जागं होतं, थरथरतं, चित्र आणायला धावतं. साठलेले निरोपही अधूनमधून पुसत जा.

दुसरं, स्क्रीन उशिरा लागणं. यात अर्ध्या वेळा वेगाचा संबंध नसतो, सेटिंग बदललेलं असतं. अपडेटनंतर ‘नेहमी चालू’ असणारा डिस्प्ले बंद झालेला, मनगट उचलल्यावर जागं होण्याचा पर्याय बंद झालेला, किंवा झोपेचा मोड अडकून राहिलेला, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. बॅटरी बचतीचा मोडही बघा. तो चालू असला की डिस्प्ले मंद होतो आणि बऱ्याच घड्याळांत प्रोसेसरचाही वेग आवरला जातो. माणूस महिनाभर ‘स्लो, स्लो’ म्हणत फिरतो आणि पंधरा टक्क्यांना एकदा चुकून दाबलेलं बटण तसंच असतं.

काचेवरचा गार्डही पाहा. कडा वळलेल्या काचेवर डिंकाचा जाड गार्ड बसवला की टच बोथट होतो. अपडेटच्याच आठवड्यात नवा गार्ड लावला असेल तर आधी त्यावर संशय घ्या. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर तर माझ्याकडे रांगच लागते. राजवाड्यावर पिचकाऱ्यांखाली नाचून आलेली घड्याळं, बटणाच्या फटीत गुलाबी गाळ, स्पीकरच्या भोकांत हिरवा, काचेवर तेलकट थर. बोट सरकतं पण घड्याळाला कळतच नाही. साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने काच पुसायची, बटण दाबत-दाबत फट साफ करायची, कोरडं करायचं. मागच्या वर्षी एकाने त्यासाठी टोकदार सुई घातली आणि मायक्रोफोनची जाळी फाडून आणली. सुई नको.

तिसरं, अडकणं आणि चक्र फिरणं. हे खरं मंदावणं. दोन रात्रींनंतरही ते राहिलं तर पुढचं वाचा.

घड्याळात जागा किती असते ते लक्षात घ्या. २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ मध्ये दीड जीबी रॅम, म्हणजे ॲप्स चालवायची जागा, आणि १६ जीबी साठवण आहे. त्याच वर्षीच्या फॉसिल जेन ६ मध्ये रॅम एकच जीबी. आज तुमच्या फोनमध्ये सहा-आठ जीबी रॅम असेल. एवढ्याशा खोलीत नवा अपडेट नवी भांडीकुंडी घेऊन राहायला येतो. मग एक ॲप उघडायला दुसरं बाहेर काढावं लागतं, आणि परत त्याच्याकडे गेलात की ते पहिल्यापासून उभं राहतं. म्हणून बाजूला सरकवल्यावर येणारी ती पानं, टाइल्स, कमी करा. दहा-बारा टाइल्स लावलेल्या मी पाहिल्यात: महिला आरोग्य, गोल्फ, शेअर बाजार. तुम्हाला नाडी, पावलं, हवामान आणि एखादा गजर. बाकी काढून टाका.

साठवणही तपासा. १६ जीबीतला जवळपास निम्मा भाग सिस्टीमच खाते. त्यात मुलाने सुरुवातीला हौसेने भरलेली तीनशे गाणी आणि फोटोंचा अल्बम असेल तर मोकळी जागा चिमूटभर उरते. अशा तुडुंब भरलेल्या फ्लॅश मेमरीवर लिहिणं संथ होतं. एक-दीड जीबी तरी मोकळी असू द्या. फेऱ्या मारताना भीमसेनजी ऐकायचे तर फोनवरून ऐका, फोन खिशात असतोच.

त्यानंतर घड्याळाचा चेहरा, म्हणजे तुम्ही लावलेला वॉच फेस. हा माझा आवडता संशयित आहे. बाहेरून उतरवलेले जुने फेस म्हणजे आतमध्ये एक छोटं ॲपच असायचं, सतत काहीतरी हिशोब करत राहणारं. २०२३ मध्ये गूगलने त्यासाठी नवी साधी पद्धत आणली. तिच्यात फेस म्हणजे नुसता आराखडा असतो, चित्र काढण्याचं काम सिस्टीम करते. पण जुन्या पद्धतीचे फेस वापरणारे अजून खूप आहेत, आणि अपडेटनंतर रुसतात ते हेच. कंपनीने दिलेला, काटे-आकडे असलेला अगदी साधा फेस लावा आणि एक पूर्ण दिवस तसंच वापरा. फरक पडला तर गुन्हेगार सापडला. नातवाने लावून दिलेला तो पाण्यात पोहणाऱ्या माशांचा फेस काढवत नसेल तर मंद घड्याळही मग आपलं म्हणा.

आणि एकदा घड्याळ पूर्ण बंद करून चालू करा. स्क्रीन विझवणं नाही, खरंच बंद. दोन मिनिटं थांबून परत सुरू करा. अगदी गोठलं असेल तर बहुतेक घड्याळांत बटणं दाबून धरून जबरदस्तीने सुरू करता येतं. अपडेट चालू असताना मात्र असं कधीही करू नका. अर्ध्यावर तोडलेल्या अपडेटची घड्याळं माझ्या खणात पडून आहेत, मालक न्यायलाही येत नाहीत.

ज्यांना थोडी खटपट करायला आवडते त्यांच्यासाठी एक चावी आहे. घड्याळाच्या माहितीच्या पानावर सॉफ्टवेअरच्या किंवा बिल्डच्या क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथे ॲनिमेशनची तीन मापं असतात, ती अर्ध्यावर आणा. पानं सरकण्याची नक्षी कमी होते आणि घड्याळ चपळ वाटतं. खरं तर वेग तितकाच राहतो, वाट बघणं कमी होतं. तेवढंच करून बाहेर या. तिथले बाकीचे खटके आपल्या कामाचे नाहीत.

नाडी सतत मोजणं, ऑक्सिजन मोजणं बंद करा असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. बॅटरी जास्त पुरावी म्हणून ते ठीक आहे. वेगासाठी त्याचा उपयोग मी तरी पाहिलेला नाही, आणि तुमच्या वयाला नाडी मोजणं चालू असलेलं बरं.

आता बॅटरीचं. दुकानदार सरळ खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांत बॅटरी थकते हे खरंच आहे. घड्याळातली बॅटरी असते केवढी? गॅलेक्सी वॉच ४ च्या छोट्या मॉडेलमध्ये २४७ एमएएच, फोनमध्ये हल्ली पाच हजार. ती रोज रिकामी होऊन रोज भरते. ॲपल आपल्या घड्याळांबद्दल सांगते की १००० पूर्ण चार्जनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकेल असा हिशोब धरलेला असतो, आणि रोज एक पूर्ण चार्ज धरला तर हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं. पण थकलेली बॅटरी म्हणजे घड्याळ लवकर उतरणं. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी अचानक आलेला संथपणा तिच्या माथी मारायचा तर पुरावा हवा.

पुरावा घरीच मिळतो. घड्याळ शंभर टक्के भरा, चार्जरवरून काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि मग चालवून बघा. तेव्हाही अडकत असेल तर बॅटरी निर्दोष. शंभरला पळतं आणि तीसच्या खाली गुडघे टेकतं, किंवा वीस टक्के दाखवताना फट्‌कन बंद पडतं, असं असेल तर मात्र बॅटरीचं म्हणणं ऐकावं लागेल. तेव्हाही बदलायची तर कंपनीच्या केंद्रातून बदला. घड्याळाची पाठ गरम करून, डिंक सोडवून उघडावी लागते, आणि परत चिकटवताना पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहतंच असं नाही. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण मी उघडलेलं घड्याळ घालून पोहायला जा असं मी कुणालाही सांगत नाही.

‘सॉफ्टवेअर डालना’ हा प्रकारही समजून घ्या. फोनला केबल लावून फ्लॅश करायची सवय असलेली मंडळी घड्याळाबद्दल तेच बोलतात. तुमच्या घड्याळाला केबलचं तोंड आहे का? चकतीवर बसवून चार्ज होतं ते. ॲपलच्या घड्याळांत पूर्वी पट्ट्याच्या खाचेत एक लपवलेलं तपासणीचं तोंड असायचं, २०२१ च्या सिरीज ७ पासून तेही गेलं. तेव्हा दुकानात ‘सॉफ्टवेअर’ म्हणून जे होतं ते बहुतेक वेळा रिसेट असतं, सेटिंगमध्ये जाऊन दाबलेलं एक बटण. ते तुम्ही घरी बसून दाबू शकता. आणि जुनं सॉफ्टवेअर परत टाकण्याची सोय कंपन्या सहसा ग्राहकाला देत नाहीत, म्हणून तो विचार सोडून द्या. झालंच तर पुढचा दुरुस्तीचा अपडेट येतो, मोठ्या अपडेटमागून महिना-दोन महिन्यांत छोटा येणं हे नेहमीचंच आहे. तो आला की आळस करू नका.

रिसेट. पूर्वीचे वैद्य कुठल्याही दुखण्याला आधी एरंडेल पाजायचे, तसं आमच्या धंद्यात रिसेटचं झालंय. मीही तेच करायचो. सहा-सात वर्षांपूर्वी एका गृहस्थांचं घड्याळ आलं, हातात घेतल्या-घेतल्या रिसेट मारलं, दहा मिनिटांत झळझळीत करून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन. हृदयाच्या बायपासनंतर रोज किती चालले, त्याची दोन वर्षांची नोंद त्या घड्याळात होती. फोनशी शेवटचं जोडलं होतं ते आठ महिन्यांपूर्वी. आठ महिने गेले. ते ओरडले नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणाले, आणि ते मला अजून बोचतं. त्या दिवसापासून माझ्या पावतीवर ‘नोंदी फोनमध्ये दिसल्या’ असा एक रकाना आहे. गिऱ्हाइकाने स्वतः पाहून तिथे सही केल्याशिवाय मी रिसेटला हात लावत नाही.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. फोनमधलं आरोग्याचं ॲप उघडा, कालची पावलं, कालची झोप, गेल्या महिन्याच्या नोंदी तिथे दिसतात का ते डोळ्यांनी बघा. मग घड्याळाच्या ॲपमध्ये बॅकअप घ्या. वेअर ओएस ४ पासून, म्हणजे २०२३ पासून, बॅकअपची आणि परत भरण्याची सोय सिस्टीममध्येच आली आहे. त्यानंतर मुलाला फोन लावा. हसू नका, हे महत्त्वाचं आहे. घड्याळ पहिल्यांदा त्याने सुरू करून दिलं असेल तर त्याचं खातं आत असू शकतं, आणि काही घड्याळं रिसेटनंतर जुन्या खात्याचा पासवर्ड मागून अडून बसतात. मुलगा पुण्यात मीटिंगमध्ये आणि तुम्ही इथे कोरं घड्याळ धरून बसलेले, असा प्रसंग नको. सिमवालं घड्याळ असेल तर पुसताना मोबाइल प्लॅन ठेवायचा की काढायचा असं विचारलं जातं, तिथे ‘ठेवा’ निवडा.

आणि रिसेट झाल्यावर लगेच बॅकअप भरू नका. घड्याळ नव्यासारखं सुरू करून तसंच एक दिवस वापरा. ते पळायला लागलं तर तुमच्या जुन्या पसाऱ्यातच काहीतरी होतं. मग एकेक गोष्ट हाताने परत टाका: आधी नाडी आणि पावलं, दोन दिवसांनी एखादं ॲप. कोरं असतानाही अडकत असेल तर घड्याळाला तो अपडेट झेपत नाही हे मान्य करावं लागेल.

तसं होतंही. घड्याळाचं आयुष्य प्रोसेसर ठरवतो. त्यातला नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितका तो साधारण नवा आणि काटकसरी. २०१८ चा स्नॅपड्रॅगन वेअर ३१०० हा २८ नॅनोमीटरचा, त्याचा गाभाही जुना. २०२० च्या ४१०० मध्ये १२ नॅनोमीटर आणि नवा गाभा आला, तेव्हा कुठे ही घड्याळं धड चालायला लागली. वॉच ४ चा प्रोसेसर तर ५ नॅनोमीटरचा. तुमचं तीन वर्षांपूर्वीचं म्हणजे बहुधा चांगल्या पिढीतलं असणार, म्हणून मला आशा आहे. घेताना ते आधीच जुनं मॉडेल, सेलमधलं असेल तर ती गोष्ट वेगळी.

घरात दुसऱ्या कुणाचं ॲपलचं घड्याळ असेल तर त्यांनाही थोडक्यात. धीर धरण्याचा नियम तोच, तिथेही अपडेटनंतर आत बरीच आवराआवर चालते. फोटो आणि गाणी कमी करा, पाठीमागे ताजी होणारी ॲप्स बंद करा, हालचाल कमी करण्याचा पर्याय सुलभतेच्या सेटिंगमध्ये आहे. शेवटचा उपाय म्हणजे आयफोनच्या ॲपमधून जोडी तोडून परत जोडणं. जोडी तोडताना घड्याळाचा बॅकअप आयफोनमध्ये आपोआप घेतला जातो, हे त्यांचं चांगलं आहे. ८ जीबीचं सिरीज ३ असेल तर मात्र कष्ट घेऊ नका. २०१७ चं ते घड्याळ, त्यात अपडेटलाच जागा पुरत नसे, आणि २०२२ च्या वॉचओएस ९ ने, म्हणजे ॲपलच्या घड्याळांच्या सिस्टीमच्या त्या आवृत्तीने, त्याला अपडेटच्या यादीतून वगळलंच.

दोन-अडीच हजारांची कॉलिंगवाली घड्याळं निराळ्या जातीची. त्यांत अँड्रॉइड नसतं, छोटीशी बंदिस्त सिस्टीम असते. तिथे रात्रभर चार्जरवर ठेवून भाषांतर वगैरे काही होत नाही. मोठा फेस काढा, रिसेट करा, फोनमधलं ॲप नवं करा. एवढ्याने नाही झालं तर त्यावर दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही. मी ती परत पाठवतो.

तुम्ही आजपासून दोन रात्री मोजा. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर जेल रोडला या, पण बारानंतर. त्याआधी मी पोहे खाऊन दुकानाची झाडलोट करत असतो, आणि गाडी लावायला जागाही मिळत नाही. येताना घड्याळाबरोबर फोन आणा, आणि त्याचा स्वतःचा चार्जर नक्की आणा. प्रत्येक मॉडेलची चकती वेगळी असते, माझ्याकडची तुमच्या घड्याळाला बसेलच असं नाही.